पत्रा आडवा का वळत नाही?

मुलांनो, आधी एक कोडे. छपराचा पत्रा नवाकोरा आहे. त्याला कुठेही भोक नाही. तरी पावसात खोलीत पाणी गळते. मग ते येते कुठून?

तुमच्यातले चटपटीत लगेच ओरडतील, "बाई, खिळ्याच्या भोकातून!" शाब्बास. पण खिळ्यांखाली डांबरी वॉशर आहेत आणि तेही पक्के बसलेले आहेत. आता बोला! करा विचार. तोवर हे कोडे मला कुठे भेटले ते सांगते.

मी राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या जुन्या वर्गखोलीला लागून एक लांबट शेड आहे. तिचे छप्पर सरळ उताराचे नाही, बैलगाडीच्या टपासारखे गोल आहे. एका बाजूने चढत जाते, मध्ये उंच होते आणि दुसऱ्या बाजूला उतरते. शेडचे एक तोंड उघडे आहे. दुसरे तोंड जुन्या खोलीच्या उंच भिंतीला जाऊन टेकते. त्या भिंतीला पाठ लावून आमचे गोष्टीच्या पुस्तकांचे कपाट उभे असते. दुपारच्या सुट्टीत सगळ्यात जास्त गर्दी कुठे असेल, तर तिथे.

सप्टेंबरात एका रात्री परतीचा पाऊस झाला. सोसाट्याचा वारा आणि तिरप्या सरी. सकाळी कपाट उघडले तर वरच्या कप्प्यातली पुस्तके पुऱ्यांसारखी टम्म फुगलेली! तिसरीतल्या एका मुलीने अर्धे वाचून, पानात मोरपीस ठेवून, एक पुस्तक तिथे ठेवले होते. तिने ते हातात घेतले. पाने एकमेकांना चिकटून गेली होती. ती रडली नाही, पण एक-एक पान सोडवत तासभर तिथेच बसून राहिली. मोरपीस निघाले, पुढची गोष्ट मात्र निघाली नाही. आम्ही दोरी बांधून त्यावर पुस्तके वाळत घातली. आपल्या गोधड्या घालतो ना, तशी!

मग सुरू झाला तपास. चौथीच्या मुलांनी भिंतीवरच्या ओल्या डागाभोवती खडूने रेघ ओढली. डाग खाली रुंद होता आणि वर निमुळता होत गेला होता. त्याचे टोक थेट, जिथे गोल पत्रा भिंतीला टेकतो तिथे पोहोचत होते. पत्रा चांगला होता, भिंतही चांगली होती. चोर बसला होता त्या दोघांच्या मधल्या फटीत.

म्हणजे कोड्याचे उत्तर असे : पाणी पत्र्यातून येत नाही, पत्रा जिथे संपतो तिथून येते.

कमी पावसाचा गाव

तुम्ही म्हणाल, राहुरीला पाऊस तो काय! खरे आहे. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण पडतो त्याच्या आडोशाला. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. महाबळेश्वरला पाच हजारांहून जास्त! म्हणूनच आपल्या भागात जुन्या लोकांनी माळवदाची घरे बांधली. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून सपाट गच्ची. उन्हाळ्यात आत गारवा आणि वर वाळवणाला जागा.

तुमच्या आजीचे घर माळवदाचे असेल तर तिला विचारा, पावसाळ्याच्या तोंडावर ती लोकांना काय करताना बघायची. माळवदावर नवी माती टाकून चोपायची, आणि पन्हळी साफ करायच्या. पन्हळ म्हणजे भिंतीच्या बाहेर हातभर काढलेली नळी. माळवदावरचे पाणी तिच्यातून दूर जाऊन पडते, भिंतीला शिवत नाही. छपराच्या कडेची काळजी घेणे ही काही आजची युक्ती नाही, बरं का.

पण 'पाऊस कमी' म्हणून निष्काळजी राहिलो तर काय होते ते बघू या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्या शेडचे छप्पर सुमारे ५० चौरस मीटर जागा झाकते. एका रात्रीत २० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर किती पाणी पडेल? करा गुणाकार. १००० लिटर! त्यातला शंभरावा भाग जरी फटीत शिरला तरी १० लिटर, म्हणजे पुस्तकांच्या डोक्यावर एक बादली. शिवाय वाऱ्याने उंच भिंतीवर आपटलेले पाणीही ओघळत त्याच फटीशी येते. ते वेगळेच.

सरळ पट्टी आणि गोल कडा

अशी फट झाकायला पत्र्याची पट्टी बसवतात. कारागीर तिला 'फ्लॅशिंग' म्हणतात. पट्टी मध्ये काटकोनात दुमडायची, म्हणजे तिला दोन बाजू होतात. एक बाजू छपरावर झोपते, दुसरी भिंतीला टेकून उभी राहते. सरळ छपराला हे काम सोपे आहे. आमच्याकडे मात्र कडा गोल!

पहिल्या वेळी एका कामगाराने काय केले ठाऊक आहे? सरळ दुमडलेली पट्टी आणली, गोल कडेवर दाबली आणि खिळे ठोकले. पट्टीला जागोजागी पोक आले. ती कुठे वर उचलली गेली, कुठे चुरगळली. मग त्याने सगळीकडे भरपूर डांबर थापले. दिसायला काळेभोर, मजबूत! मीही फसले. "छान झालं," म्हणून मोकळी झाले. पुढच्या उन्हाळ्यात ते डांबर तडकले आणि जूनमध्ये पाणी पुन्हा कपाटावर हजर.

तेव्हा आम्ही पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना बोलावले. पेट्या, धान्याच्या कोठ्या, पन्हळी असे सगळे ते करतात. त्यांनी वर पाहिले, हसले आणि म्हणाले, "बाई, पत्रा उभा वळतो, आडवा वळत नाही. पोरांना एक कागद द्या, म्हणजे कळेल."

तुम्हीही कागद घ्या. आत्ता घ्या, मी थांबते.

वहीच्या जाड पुठ्ठ्याची किंवा कागदाची हातभर लांब, चार बोटे रुंद पट्टी कापा. ती नुसती वाकवा. बांगडीसारखी गोल झाली ना? हे झाले उभे वळणे. आता तीच पट्टी टेबलावर सपाट ठेवा आणि सपाट ठेवूनच ती धनुष्यासारखी वळवायचा प्रयत्न करा. होत नाही! आतली कडा चुरगळते, बाहेरची फाटू पाहते. हे झाले आडवे वळणे.

आता पट्टी लांबीने मधोमध काटकोनात दुमडा. एक बाजू तुमच्या पाण्याच्या पिंपाच्या गोल अंगावर टेकवा. ही बाजू छपरावरची समजा, ती बिचारी वळायला तयार असते. पण दुसरी बाजू पिंपापासून बाहेर उभी आहे. ती तिला वळूच देत नाही. तिची बाहेरची कडा जास्त मोठ्या वर्तुळावर आहे, म्हणून तिला जास्त लांबी हवी आहे. आणि कागद काही रबर नाही!

आता त्या उभ्या बाजूला बोट-बोट अंतरावर कात्रीने चिरा द्या. दुमडीपर्यंत पूर्ण नको, थोडे राखून. पुन्हा पिंपावर टेकवा. बघा, चिरा पंख्यासारख्या उघडल्या आणि पट्टी गुमान वळली. जेवढी लांबी कमी पडत होती, तेवढी त्या चिरांनी दिली.

किती लांबी कमी पडते?

आता थोडे गणित. घाबरू नका, ताई-दादांना शेजारी बसवा.

आमचे छप्पर ज्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्याची त्रिज्या ४ मीटर आहे आणि छप्पर त्या वर्तुळाचा पाव भाग आहे. ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २५.१२ मीटर. त्याचा पाव भाग ६.२८ मीटर. ही झाली छपराच्या कडेची लांबी. पट्टीची उभी बाजू १५ सेंटिमीटर उंच. म्हणजे तिची वरची कडा ४.१५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आली. तिचा पाव परीघ सुमारे ६.५२ मीटर. दोन्हींतला फरक? जवळजवळ २४ सेंटिमीटर. सव्वासहा मीटरच्या पट्टीला तुमच्या वितीपेक्षा जास्त लांबी कमी पडत होती! आणि आपण ती डांबराने भरून काढायला निघालो होतो.

खरी गंमत पुढे आहे. छप्पर याच्या दसपट मोठे असते तर फरक किती आला असता? मुलांनी पैजा लावल्या. कोणी म्हणाले २४० सेंटिमीटर, कोणी ५००. उत्तर आहे तेच, २४ सेंटिमीटर! त्रिज्या ४० मीटर घेऊन स्वतः करून बघा. फरक छपराच्या आकारावर ठरत नाही. पट्टी किती उंच आणि छप्पर वर्तुळाचा केवढा भाग, या दोनच गोष्टींवर ठरतो. अख्ख्या पृथ्वीला विषुववृत्तावरून घट्ट दोरी बांधली आणि मग ती सगळीकडे जमिनीपासून एक मीटर उचलायची म्हटली, तर फक्त सव्वासहा मीटर जास्तीची दोरी लागते. फुटबॉलभोवतीची दोरी एक मीटर उचलायलाही तेवढीच. मला हे शाळेत असताना कोणी सांगितले असते, तर भूमितीशी माझी इतकी भांडणे झाली नसती.

चाचांचे काम

आता प्रत्यक्ष काम बघू या. चाचांनी पहिल्या दिवशी पत्र्याला हातच लावला नाही. त्यांनी जुने पुठ्ठे मागितले, भिंतीशी धरून गोल कडा पुठ्ठ्यावर उतरवून घेतली आणि नमुना कापला. "पुठ्ठा चुकला तर चुलीत जातो, पत्रा चुकला तर पैशात जातो," असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी ते जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या आठ-आठ फुटी तीन पट्ट्या घेऊन आले. जस्त कशाला? लोखंडावर पाणी आणि हवा मिळून गंज चढवतात. जस्त स्वतः झिजते, पण लोखंडाला वाचवते. पत्र्यावर बारीक ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त तिथल्या लोखंडाची राखण करते. फ्रान्समधल्या स्तानिस्लास सोरेल याने १८३७ मध्ये या मुलाम्याचे पेटंट घेतले. आणि पत्र्याला नळ्या पाडायची कल्पना? ती त्याच्या थोडी आधीची. लंडनच्या गोदीतला इंजिनिअर हेन्री पामर याने १८२९ मध्ये तिचे पेटंट घेतले. साधा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा, त्यावर पेन्सिल टिकत नाही. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि मग ठेवा. आपले पन्हळी पत्रे त्याच जोरावर उभे असतात.

चाचांनी पट्ट्या काटकोनात दुमडल्या आणि उभ्या बाजूला दहा-दहा सेंटिमीटरवर चिरा दिल्या. चिरा दुमडीपर्यंत नेल्या नाहीत, खाली बोटभर पत्रा अखंड ठेवला. मी विचारले, "चाचा, तेवढा भाग कसा वळणार? तुम्हीच म्हणालात आडवा वळत नाही म्हणून."

"तेवढा ऐकतो, बाई," म्हणून त्यांनी लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोके द्यायला सुरुवात केली. ठोक्याखाली पत्रा किंचित पातळ होतो आणि तसूभर लांब पसरतो. बोटभर रुंदीला मीटरमागे पाच मिलिमीटरही ताण पुरतो. पण पंधरा सेंटिमीटरला तो पुरत नाही, जस्ताचा मुलामाही सुटतो. म्हणून वर चिरा, खाली ठोके.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुम्ही पाहिली आहे का? तिथले कारागीर तांब्याचा सपाट पत्रा चिरा न देता नुसता ठोकून ठोकून त्याचा हंडा करतात. तांबे ठोकून कडक झाले की भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात आणि पुन्हा ठोकतात. जस्त लावलेल्या पत्र्याला मात्र असे तापवायचे नसते. जस्त जळते आणि त्याचा धूर अंगाला बाधतो. पुण्याला गेलात तर आळीत नुसते उभे राहून ऐका. सगळीकडून ठकठक, ठकठक!

पट्ट्या छपरावर चढवताना चाचांनी खालून सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आधी आणि माथ्यावरची शेवटी. माथ्यावरच्या पट्टीची टोके खालच्या पट्ट्यांवर वीतभर चढवली. का बरे? कौले आठवा. वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर पडते, पोटात शिरत नाही. उलटे बसवले असते तर प्रत्येक सांध्याचे तोंड पाण्यासमोर आ वासून राहिले असते.

छपरावर झोपलेली बाजू पन्हळी पत्र्याच्या शेवटच्या दोन नळ्यांवर चढवली. स्क्रू मारले ते नळीच्या माथ्यावर, खळग्यात नाही. यातले कारण मी सांगत नाही. पावसात पन्हळी पत्र्यावरून पाणी कुठून वाहते ते बघा, म्हणजे सापडेल.

आता उरल्या उभ्या बाजूच्या उघड्या चिरा. प्रत्येक चीर वर तीन-चार मिलिमीटर उघडली होती. अशा बासष्ट चिरा! त्या झाकायला वरून दुसरी पट्टी हवी. चाचांनी भिंतीच्या गिलाव्यात पट्टीच्या थोडे वर गोल खाच खणली. सपाट पत्र्याचे फूट-फूट लांबीचे तुकडे पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून गोल कापले. सपाट पत्रा कात्रीने हवा तसा गोल कापता येतो, तो दुमडला की हट्ट करतो. एकेका तुकड्याची वरची कडा खाचेत खोचली, तुकडे एकावर एक चढवले आणि खाच सिमेंटने भरून टाकली. हे तुकडे खालच्या चिरांवर पदरासारखे पडले. भिंतीवरून ओघळणारे पाणी या पदरावरून उतरते, तिथून खालच्या पट्टीवर आणि तिथून छपरावर.

"आता दोन्ही पट्ट्या एकमेकींना रिव्हेटनं पक्क्या करा," असे मी म्हणाले. चाचांनी मान हलवली. "नाही बाई. भिंत बसून राहते, पत्रा फिरायला जातो."

पत्रा फिरायला जातो म्हणजे उन्हात वाढतो. लोखंडाचा एक मीटर तुकडा एक अंश तापला की मीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या बारापट वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली राहुरीची दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. सव्वासहा मीटर पट्टी तेवढ्यात सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि थंडीत पुन्हा आखडते. रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षे. मागच्या वेळचे डांबर तडकले ते यामुळेच. म्हणून वरची पट्टी भिंतीची, खालची छपराची. दोघी एकमेकींवर सरकतात, पण बांधलेल्या नाहीत.

उघडे तोंड

शेडच्या दुसऱ्या, उघड्या तोंडाची कडाही गोलच. पण तिथे पट्टीची बाजू भिंतीवर वर जात नाही, खाली लोंबते. आता सांगा, तिला लांबी कमी पडेल की जास्त होईल? खाली म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे, लहान वर्तुळावर. म्हणजे पत्रा जास्त होतो! तिथे चिरा उघडत नाहीत, पाकळ्या एकमेकींवर चढतात. मघाच्या कागदी पट्टीला पातेल्याच्या आतून टेकवून बघा, दिसेल.

त्या लोंबत्या कडेच्या टोकाला चाचांनी बाहेरच्या बाजूला बारीकसा ओठ काढला. कशासाठी? कपातला चहा बशीत हळू ओततो, तेव्हा तो कपाच्याच पोटावरून ओघळून सदऱ्यावर पडतो की नाही? पाणीही तसेच पत्र्याला चिकटून आत येते. कडा बाहेर वळलेली असली की थेंबाला चिकटून राहायला जागा उरत नाही. तो सरळ खाली पडतो.

पालकांनो, एक तुमच्यासाठी. कापलेल्या पत्र्याची धार वस्तऱ्यासारखी असते. चाचा काम करत असताना मुलांना आम्ही खडूच्या रेषेपलीकडे बसवले होते. पत्र्याचे तुकडे चाचांनी स्वतः गोळा करून पोत्यात भरले. छपरावर चढायचे काम तर कारागिराचेच. मुलांनी पुठ्ठा, कागद आणि पिंप यांवर हवे तेवढे प्रयोग करावेत.

काम संपल्यावर आम्ही पावसाची वाट बघितली नाही. चाचांनी शिडीवरून भिंतीवर पाच बादल्या पाणी ओतले, सावकाश. आत चौथीची मुले भिंतीला नाक लावून उभी! कोरडी ठक्क. मग जूनमध्ये पहिला पाऊस आला. आम्ही कपाटापाशी जाऊन बसलो. छपरावर ताशा वाजत होता, एकमेकांचे बोलणेही ऐकू येत नव्हते. भिंत कोरडी होती. उजव्या कोपऱ्यात मात्र, जिथे पट्टी संपते तिथे, खूप वेळाने एक थेंब जमला आणि टपकन पडला. मुलांनी लगेच खडूने त्याच्याभोवती गोल काढला.

चाचांना निरोप गेला आहे. ते रविवारी येणार आहेत. तोवर त्या थेंबाखाली चौथीने एक वाटी ठेवली आहे आणि मोरपीसवाली मुलगी कपाटाच्या डाव्या बाजूला सरकून बसते.